पबमेड : चिऊच्या डोळ्यापायी शिकलेलं वाचन

नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मी 29 वर्षं काढली. पीजीची मुलं थिसिसचा विषय घेऊन यायची आणि मी ‘इंडेक्स मेडिकस’चे खंड रॅकवरून उतरवून द्यायची. इतका बारीक टाईप की दुपारनंतर डोळे चुरचुरायचे. 1879 साली जॉन शॉ बिलिंग्ज यांनी अमेरिकेत सुरू केलेली वैद्यकीय लेखांची ही सूची 2004 साली छापायची बंद झाली, कारण तेच काम तोवर संगणकावर पबमेड करू लागलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सेवा 1997 पासून सगळ्या जगाला फुकट आहे. नोकरीत असताना मी ती रोज उघडायची, लागेल तो संदर्भ शोधून द्यायची आणि पुढच्या मुलाकडे वळायची. लेखाच्या आत काय लिहिलंय, हे वाचायची वेळ माझ्यावर निवृत्तीनंतर आली.

2022 चा तान्हा पोळा. माझ्या भाचीची मुलगी चिऊ तेव्हा 20 महिन्यांची होती. लाल काठाचं परकर-पोलकं घातलेलं, हातात लाकडी बैलाची दोरी. संध्याकाळी अंगणात जावयांनी मोबाईलवर फ्लॅश टाकून फोटो काढला. फोटोत तिचा उजवा डोळा लाल आला होता, तसा फ्लॅशमध्ये सगळ्यांचाच येतो. डावा मात्र पांढरट चमकत होता, रात्री मांजराचा चमकतो तसा. भाची म्हणाली, “मावशी, हे काय दिसून राहिलं पाहा ना.” मी म्हटलं, फोटोचं काहीतरी असेल. हे माझं वाक्य अजून मला झोपेत आठवतं.

शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. थोडा तिरळेपणा आहे, वय वाढलं की जाईल, असं सांगून पाठवलं. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून आतून पाहिलं नाही. दिवाळी उलटली, डोळा लालसर दिसायला लागला, तेव्हा दुसरीकडे नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत ओळखलं. रेटिनोब्लास्टोमा. दृष्टिपटलाचा कर्करोग, लहान मुलांत होणारा. आठवड्याच्या आत दक्षिण एक्स्प्रेसने हैदराबाद गाठलं आणि नोव्हेंबरमध्ये डावा डोळा काढावा लागला.

डोळा काढल्यावर सगळं संपलं, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पंधरा दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला. गाठ डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नशीत, चाळणीसारखा पडदा असतो त्याच्याही मागे थोडी सरकली होती. डॉक्टरांनी सहा सायकल केमो सांगितली, नागपुरातच घ्या म्हणाले. विहीणबाई काटोलहून आल्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “डोळा तर काढून टाकला ना बाप्पा, आता काहून त्रास देऊन राहिले लेकराले?” जावईही गप्प झाले. रक्ताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या, सोनोग्राफीत काही नाही, पोरगी खेळते आहे आणि तिच्या अंगात विष सोडायचं. त्यांची शंका मला चुकीची वाटली नाही. मलाही तीच होती.

हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदाच्या कडेला पेनाने एक ओळ लिहून दिली होती: ‘होनावर, 2002’. जावयांना ते औषधाचं नाव वाटलं. मी 29 वर्षं अशाच ओळी हाताळल्या होत्या. लेखकाचं आडनाव आणि साल! त्या रात्री प्रतापनगरच्या घरी कॉम्प्युटर लावून बसले.

पबमेडमध्ये लेखक शोधायचा तर आडनाव आधी, मग नावाची आद्याक्षरं, मधे स्वल्पविराम नाही. त्यापुढे आजाराचं नाव. एवढं टाकलं की यादी येते आणि डाव्या हाताला वर्षांच्या उभ्या काड्या दिसतात, कोणत्या साली किती लेख. मी क्रम उलटा करून जुने आधी लावले. माणूस एखाद्या विषयात कसा शिरला, कशात टिकला, हे पाहायचं असेल तर यादी नेहमी तळापासून वाचावी. ग्रंथालयात पीजीच्या मुलांना मी हेच सांगायची.

डॉ. संतोष होनावर हे हैदराबादचे नेत्र-कर्करोगतज्ज्ञ. 2009 साली त्यांना वैद्यकशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. चिऊवर उपचार करणारे डॉक्टर ते नव्हेत, आणि मी त्यांना कधी भेटलेले नाही. मी फक्त त्यांचं छापलेलं काम वाचलं. 2002 चा तो लेख ‘आर्काइव्हज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’मध्ये आला होता, फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलातल्या कामावरचा. होनावरांचं नाव पहिलं, आणि सोबत कॅरोल शिल्ड्स, जेरी शिल्ड्स. डोळ्याच्या कर्करोगावरची कोणतीही यादी उघडा, हे नवरा-बायको त्यात असतातच. अ‍ॅना मेडोज यांचंही नाव होतं, त्या लहान मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टर. मला ते बरं वाटलं. नुसते डोळा काढणारे नाहीत, पुढची केमो पाहणारेही यात आहेत.

पूर्ण लेख वाचायला पैसे मागत होते, पण गोषवारा फुकट होता. मी तो वाचला, परत वाचला, मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे उतरवून काढले. रेटिनोब्लास्टोमाच्या 1020 मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या 297 जणांचा डोळा पहिला उपचार म्हणूनच काढला होता. त्या 297 मधल्या 80 जणांच्या काढलेल्या डोळ्यात धोक्याच्या खुणा होत्या: नशीत शिरलेली गाठ, दृष्टिपटलामागच्या कोरॉइड थरात पसरलेली गाठ, अशा. चिऊही अशाच गटातली. या 80 पैकी 46 जणांना डोळा काढल्यावर पुढचे उपचार दिले होते, 34 जणांना दिले नव्हते. दिलेल्यांपैकी दोघांच्या शरीरात कर्करोग पसरला. न दिलेल्यांपैकी आठ जणांच्या.

46 मध्ये 2. 34 मध्ये 8. म्हणजे शंभरात 4 आणि शंभरात 24.

जावयांना उठवलं. रात्रीचा एक वाजला होता. ते एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, रिजेक्शनचे टक्के रोज काढतात. त्यांनी कागद हातात घेतला, स्वतः भागाकार करून पाहिला आणि म्हणाले, “मावशी, हे आपल्याच पोरीचं लिहिलंय.” एवढंच. सकाळी त्यांनी विहीणबाईंना समजावलं, त्यांच्या भाषेत, आकडे न सांगता. डिसेंबरात पहिली सायकल लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा अभ्यास जुन्या नोंदी मागे वळून तपासलेला होता. कोणाला उपचार द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. अशा अभ्यासाचा भरवसा थोडा कमी धरतात, हे मला पीजीच्या मुलांच्या वादांतून ऐकून माहीत होतं. म्हणून मी तिथे थांबले नाही. पबमेडवर बहुतेक लेखांखाली दोन याद्या असतात, एक मिळत्याजुळत्या लेखांची आणि एक या लेखाचा हवाला पुढे कोणी दिला त्याची. माझ्या मते ही दुसरी यादी म्हणजे पबमेडची सगळ्यात मोठी देणगी आहे. ‘इंडेक्स मेडिकस’च्या छापील खंडात हे शक्यच नव्हतं. तिथून वर वर चढत 2011 च्या एका लेखाशी पोचले. पहिलं नाव डॉ. स्वाती कलिकी, त्याही पुढे हैदराबादच्याच, आणि सोबत परत शिल्ड्स दांपत्य. या लेखात धोक्याच्या खुणा असलेले 52 डोळे होते, आणि डोळा काढल्यावर दिलेली औषधं व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन. चिऊच्या फाईलमध्ये लिहिलेली नेमकी हीच तीन नावं! सरासरी 66 महिने त्या मुलांवर लक्ष ठेवलं आणि एकाच्याही शरीरात कर्करोग पसरला नाही. 2013 साली त्याच डॉक्टरांचा 519 काढलेल्या डोळ्यांवरचा लेख, कोणत्या गटातल्या डोळ्यात धोक्याच्या खुणा जास्त सापडतात यावर.

2002, 2011, 2013. एकच प्रश्न, तीन वेळा, दर वेळी थोडा आणखी नेमका करून विचारलेला. एखाद्या संशोधकाचं काम कसं पाहावं, हे मला इथे कळलं. नावावर किती लेख, हे मोजून काही हाती लागत नाही. त्या आकड्यात संपादकाला लिहिलेली पत्रं येतात, एखाद्या दुर्मीळ रुग्णाचा एक फोटो आणि चार ओळी येतात. होनावर ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’चे संपादक होते, त्या काळातली संपादकीयंही त्याच यादीत दिसतात. ती वाईट नाहीत, पण चिऊच्या केमोचा निर्णय त्यांवर होणार नव्हता. पाहायचं ते हे की माणूस एका प्रश्नाशी किती वर्षं राहिला. आणि दुसरं, लेखकांच्या ओळीत त्याचं नाव कुठे आहे. या शास्त्रात बहुतेक वेळा पहिलं नाव हाताने काम केलेल्याचं असतं आणि शेवटचं नाव ज्याच्या देखरेखीखाली झालं त्याचं. तरुणपणी पहिलं असलेलं नाव वय वाढेल तसं शेवटी सरकतं आणि पुढे शिष्यांची नावं येऊ लागतात. अशी यादी दिसली की समजावं, या माणसाने माणसं घडवली.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार कुलुपांची. पबमेड स्वतः फुकट आहे, पण ते फक्त दारापर्यंत नेतं. आत परदेशी जर्नल बसलेलं असतं आणि एका लेखाचे इतके डॉलर मागतं की आमच्या घरी केमोच्या दिवसांत ते शक्य नव्हतं. डाव्या बाजूला ‘फुकट पूर्ण लेख’ अशी खूण करायची सोय आहे, ती केली की यादी निम्म्याहून खाली येते. ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ मात्र सगळ्यांना खुलं आहे, आणि भारतातल्या मुलांबद्दलचं पुष्कळ तिथेच मिळतं. पूर्वी आमची पीजीची मुलं परदेशी डॉक्टरांना रिप्रिंटसाठी छापील कार्ड पाठवायची आणि दोन महिन्यांनी पाकीट यायचं. मी तोच मार्ग ईमेलने वापरला. लेखकाचा पत्ता बऱ्याचदा गोषवाऱ्याखालीच असतो. तीन पत्रं लिहिली, ‘मी एका रुग्ण मुलीची मावसआजी आहे’ असं सरळ लिहून. दोघांनी पूर्ण लेख पाठवला, आणि एकाने खाली चिऊसाठी दोन ओळीही लिहिल्या.

दुसरी तक्रार नावांची. आपल्याकडची नावं आद्याक्षरात आवळली की फार गोंधळ होतो. ‘कुलकर्णी एस’ टाकून पाहा, दंतवैद्यापासून पशुवैद्यापर्यंत सगळे एका रांगेत. नावासोबत आजार टाकायचा आणि संस्थेचं गाव तपासायचं, नाहीतर भलत्याच माणसाच्या कामावर विश्वास ठेवून बसाल.

तिसरी भाषेची. सगळं इंग्रजी, आणि तेही आडवळणाचं. भाची बी.कॉम. झालेली आहे, तरी तिला गोषवारा झेपला नाही. मी तिला आधी शेवटची दोन वाक्यं वाचायला सांगते, मग आकडे, मग वरचं बाकीचं. मराठीत यातलं काही नाही याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेतल्या ग्रंथालयाला त्याचा दोष देता येणार नाही, पण वाईट वाटतं.

आणि पबमेडवर लेख आहे म्हणजे तो खरा, असंही नाही. ती सूची आहे, निकाल नाही. मागे घेतलेल्या लेखावर मात्र ठळक रंगाची पट्टी असते, ती आवर्जून पाहावी. केमो चालू असताना एका नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर कुठल्याशा पाल्याच्या रसाचा उपाय पाठवला, ‘अमेरिकेत सिद्ध’ म्हणून. त्या पाल्याचं नाव आणि आजाराचं नाव एकत्र टाकलं. मुलांवर केलेला एकही अभ्यास निघाला नाही. तो निरोप मी पुढे पाठवला नाही, आणि विहीणबाईंपर्यंत पोचूही दिला नाही.

एप्रिलचं ऊन आठवतं. कूलरचं पाणी संपलेलं, चिऊच्या डोक्यावर एक केस नाही, पाचव्या सायकलनंतर तोंडात फोड आलेले. ती फक्त थंड टरबुजाचा रस घोटघोट घ्यायची. त्या दिवसांत विहीणबाई भाचीला एकदा म्हणाल्या, “गिरहणात तू काकडी चिरली होती, मी नाही म्हटलं होतं.” भाची काही बोलली नाही. रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडत होती, मला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं.

मी तिला एक लेख दाखवला. तो फुकट आहे, अगदी पूर्ण. आल्फ्रेड नुडसन यांचा, 1971 सालचा. एकटेच लेखक, अवघी चार पानं, 48 मुलांच्या नोंदी. जुन्या पानांचे फोटो काढून जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांनी मांडलं ते असं, की हा कर्करोग व्हायला एकाच पेशीत दोन धक्के बसावे लागतात. काही मुलं पहिला धक्का जन्मतःच घेऊन येतात, त्यांना दुसरा एकच पुरतो, म्हणून त्यांना लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. बाकीच्या मुलांत दोन्ही धक्के पुढे डोळ्यातल्या एकाच पेशीला योगायोगाने बसतात, म्हणून एकाच डोळ्यात. ज्या जनुकाला हे धक्के बसतात ते, आरबी-1, पुढे 1986 साली हाती लागलं. नुडसन यांनी ते न पाहता, नुसत्या वयाच्या आणि डोळ्यांच्या हिशोबावरून ओळखलं होतं.

मी भाचीला एका कागदावर दोन गोल काढून दाखवले. एक आईकडून आलेलं जनुक, एक बाबांकडून. यावर फुली बसली आणि मग त्यावरही बसली, की गाठ. काकडी यात कुठेच नाही. ती पुष्कळ वेळ त्या दोन गोलांकडे पाहत राहिली. पुढे डॉक्टरांनी चिऊच्या रक्ताची जनुक तपासणी केली, त्यात दोष सापडला नाही. नंतर झालेल्या तिच्या धाकट्या भावाचे डोळेही पहिल्याच आठवड्यात थेंब टाकून तपासून घेतले, आणि या वेळी डॉक्टरांना सांगायची गरज पडली नाही, भाचीनेच मागितलं. तो कागद अजून तिच्या कपाटात साडीच्या घडीत आहे.

एक लेख मात्र मी तिला अजून दाखवलेला नाही. 2020 सालचा, ‘जामा ऑन्कॉलॉजी’मधला. 153 देशांतली 4351 मुलं, सगळी 2017 साली आजार कळलेली. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळचं मधलं वय 14.1 महिने, सर्वांत गरीब देशांत 30.5 महिने. सगळ्यात जास्त मुलांमध्ये पहिलं लक्षण हेच, बाहुलीत दिसलेली पांढरी चमक. निदान झालं तेव्हा चिऊ 23 महिन्यांची होती. फोटो काढला तेव्हा 20. तीन महिने कुठे गेले, ते मला माहीत आहे आणि त्या वाचनानंतर ते मला एका आकड्याएवढे स्पष्ट दिसतात. कोणाच्या घरी फ्लॅशच्या फोटोत मुलाचा एक डोळा लाल आणि एक पांढरा येत असेल, तर थेंब टाकून बाहुली मोठी करून आतून पाहिल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. तिरळेपणा म्हणाले तरी उठू नका.

सेवा म्हणून मी पबमेडला पाचपैकी साडेचार देते. अर्धा कुलुपांपायी कापला, जरी ती कुलुपं त्यांची नाहीत. खातं न काढता चालतं, मध्ये एकही जाहिरात येत नाही, रात्री एक वाजता उघडं असतं. उपचार काय घ्यायचा हे तिथून ठरवू नये. डॉक्टर जे सांगतात त्याच्या मागे काय आहे ते वाचावं, आणि पुढच्या भेटीला दोन प्रश्न नेमके घेऊन जावं. आमच्या हैदराबादच्या डॉक्टरांना मी 46 आणि 34 म्हटलं तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

आता चिऊ पाच वर्षांची आहे. डावा डोळा कृत्रिम, रंग उजव्याशी इतका जुळवलेला की शाळेतल्या बाईंना दोन महिने कळलं नव्हतं. खातं काढलं तर पबमेड तुमचा शोध साठवून ठेवतं आणि तुम्ही सांगाल त्या वाराला नवे लेख ईमेलने पाठवतं. मी शनिवार निवडला आहे. सकाळी चहा झाला की मेल उघडते, आधी प्रत्येक लेखाचं पहिलं आणि शेवटचं नाव पाहते, मग शेवटची दोन वाक्यं, मग आकडे. भाचीला फोन लावते तोवर नऊ वाजलेले असतात, आणि पलीकडून आधी चिऊच उचलते.